टोप शिवण्याआधी

(कॉटन ग्रीन इथं वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघी हसल्या. 'शिवून बसवायचे केस' हा काय चळवळीचा विषय झाला? रेशन, पाणी, पोटगी, मारहाण हे आपले विषय. हसलात त्यात वावगं काही नाही. पण गेल्या काही महिन्यांत या खोलीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. "ताई, केस डोक्याला शिवून देतात म्हणे, ते चांगलं असतं का?" आणि तो बैठकीत कुणी विचारत नाही, बैठक संपल्यावर चपला घालता घालता विचारतात, तेही आजूबाजूला कुणी नाही असं बघून. म्हणून म्हटलं, आज तो फळ्यावरच घ्यावा.

हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मधलं आपलं हे स्टेशन. कापसाच्या गाठींच्या वखारी, गोदीकडे जाणारे रूळ, कॉटन एक्स्चेंजची इमारत, एवढंच बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं. पण परळला १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि पुढच्या काळात हा सगळा पट्टा गिरण्या-गोद्यांबरोबर कॅन्सरच्या पेशंटांचाही झाला. बिहार-बंगालपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतची कुटुंबं महिनोन्‌महिने इथं राहतात. लहान पेशंट मुलं आणि त्यांचे आईबाप राहतात ते सेंट ज्यूड संस्थेचं केंद्र तर कॉटन ग्रीनमध्येच आहे. तेव्हा केस गेलेलं डोकं आपल्या रस्त्याला नवीन नाही. फरक इतकाच, की ते परगावच्या बाईचं असलं की आपण हळहळतो, आणि आपल्याच चाळीतल्या बाईचं असलं की ती दार लावून घेते. आज भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे, आणि त्याच्या उपचारातली बरीच औषधं केस घालवतात. ही लावलेली दारं पुढे वाढणारच आहेत.

कॅन्सर सोडूनही कारणं आहेत. कुणाला चाई पडते, कुणाचे बाळंतपणानंतर मूठमूठ केस जातात, कुणाचे थायरॉइडनं. कुणाचे नुसतेच चाळिशीनंतर विरळ होत जातात आणि भांग रुंद होतो. या सगळ्यांना एकच उत्तर लागू नाही, आणि आज मला मुख्यतः सांगायचंय ते हेच.

आधी शब्द बघू. परके केस आपल्या केसांत घालणं आपल्याकडे नवं नाही. गंगावन आपल्या आज्या लावत होत्या, आजही नवरीच्या खोप्यासाठी दादरला दुकानात मिळतं. टोप आपल्याला नाटकातला माहीत. लालबाग-परळच्या कामगार रंगभूमीवर गिरणीतून सुटून आलेला पुरुष टोप चढवून बाईचं काम करायचा, आणि त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही. बाईनं स्वतःसाठी टोप घातला की मात्र ती लपवालपवी ठरते. पार्लरच्या पाटीवर 'हेअर वीव्हिंग' लिहिलेलं असतं, ते तिसरं. त्यात टोप किंवा केसांच्या पट्ट्या आपल्याच केसांच्या वेण्यांवर सुईदोऱ्यानं शिवून टाकतात. रात्री काढून खुंटीला लावायचा प्रश्न नाही. तो डोक्यावरच राहतो, आठवडेच्या आठवडे.

ही रीत घडवली ती अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात केशकर्तनाचं काम करणाऱ्या क्रिस्टिना जेन्किन्स या बाईनं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. त्या समाजात केस हा नुसता सौंदर्याचा मामला कधीच नव्हता. स्वतःचे नैसर्गिक केस घेऊन कामावर गेलं तर नोकरीवर गदा यायची. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ साली. म्हणजे ज्या बायकांनी हा सुईदोरा शोधला त्यांच्यापुढेही आपलाच प्रश्न होता. हे केस मी माझ्यासाठी लावते आहे, की ही लोकं मला उभी करणार नाहीत म्हणून?

आता प्रत्यक्ष कसं करतात ते सांगते, कारण त्याबद्दल भीती फार आहे. एका मावशींनी मला विचारलं, "भूल देतात का गं?" नाही. सुई कातडीला लागतच नाही, लागता कामा नये. आधी डोकं स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडं करतात. मग बारीक बारीक भांग पाडून डोक्याला चिकटून वेण्या घालतात. आपण सागरवेणी घालताना पेडागणिक खालचे केस उचलत जातो ना, तशाच, पण अगदी बारीक आणि सपाट. कडेनं डोक्याभोवती एक वेणी फिरवतात. उरलेली टोकं आत दुमडून शिवून टाकतात म्हणजे उंचवटा येत नाही. त्यावर बऱ्याचदा एक पातळ जाळी घालतात. मग वाकडी सुई, चंद्रकोरीसारखी, आणि जाड दोरा. पट्ट्या असतील तर मानेपासून वर एकेक ओळ शिवत येतात. अख्खा टोप असेल तर त्याची कड डोक्याभोवतीच्या वेणीला टाचतात. टाका पडतो तो पट्टीतून आणि वेणीखालून. दोन-तीन तासांचं काम आहे. करणारीचा हात चांगला असेल तर उठताना डोकं जड लागेल, पण दुखणार नाही. दुखलं तर लगेच सांगायचं. 'दोन दिवसांत सैल होईल' हे वाक्य ऐकून घ्यायचं नाही. भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या, तर ती वेणी घट्ट आहे. अशी ओढ पुन्हा पुन्हा बसली की कपाळाकडचे आणि कानशिलावरचे केस मागे सरकतात, आणि फार दिवस चाललं तर ते परत येत नाहीत.

मी काय म्हटलं ते लक्षात आलं ना? सगळा टोप उभा राहतो तो तुमच्या स्वतःच्या केसांवर. आपलेच केस खुंटी आहेत. खुंटी मजबूत नसेल तर पदर अडकवून काय उपयोग? अडीच-तीन इंच तरी केस हवेत, तेही धरून राहणारे.

पार्लरची पाटी हे सांगत नाही, म्हणून ते मला इथं पुन्हा सांगायचंय. किमो चालू असताना शिवलेला टोप नाही. पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. टाचलेली वेणीच सुटून हातात येईल. शिवाय त्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, कातडी हुळहुळी असते. जाळीखाली घामात एखादी पुटकुळी पिकली तर ती साधी राहणार नाही. डोक्याला रेडिएशन असेल तर प्रश्नच मिटला. किमो संपल्यावर एक ते तीन महिन्यांत केस परत यायला लागतात, पण पहिले येतात ते जावळासारखे. कुणाचे कुरळे येतात, कुणाचे वेगळ्याच रंगाचे. केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. हिशेब करा. टाचण्याजोगे व्हायला सहा-सात महिने जातात. चाईचा चट्टा कडेला असेल तरी तिथं वेणी धरणार नाही. डोक्यात उवा, नायटा, खाज असेल तर आधी त्याचा उपचार.

आपल्यातली एक मैत्रीण पोळीभाजी केंद्रात काम करते. किमो संपून तिचे बोटभरही केस झाले नव्हते. तिच्याकडे साधा, टोपीसारखा घालायचा टोप होता. संध्याकाळच्या गर्दीत डब्यातून उतरताना कुणाच्या तरी पिशवीला अडकून तो मागे सरकला. पडला नाही, सरकला फक्त. पण त्या दिवसानंतर ती आठ दिवस कामावर गेली नाही. मग एका पार्लरनं तिला सांगितलं, शिवून देतो, कधी सरकणार नाही, बावीस हजार. तिनं पाच हजार आगाऊ भरले आणि पावती घेऊन माझ्याकडे आली. मी तिच्याबरोबर गेले आणि विचारलं, एवढ्याशा केसांवर टाका कुठं घालणार? उत्तर मिळालं, "जरा घट्ट घेऊ." आजाराबद्दल त्यांनी तिला एक शब्द विचारला नव्हता. पैसे परत मागितले तर नियमात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणी गेलो, खुर्च्यांवर बसून राहिलो, आणि नियमात बसलं.

मग तिच्या सरकणाऱ्या टोपाचं काय केलं? तर डोक्याला टाके घालण्याऐवजी आम्ही टोपाला घातले. आपल्यात शिवणक्लास केलेल्या इतक्या जणी आहेत! टोप उलटा केला की आत जाळी आणि पट्ट्या दिसतात. मानेच्या बाजूला दोन चुण्या घेऊन तो तिच्या मापाचा केला. कानामागे जुनं सैल झालेलं इलॅस्टिक काढून नवं घातलं. आतून जुन्या मलमलीच्या साडीचं अस्तर लावलं, कारण नुसती जाळी उघड्या कातडीला टोचते. आणि कपाळावर बसते त्या कडेला आतून मखमलीची दीड इंची पट्टी, लव डोक्याकडे. मखमल कातडीला धरून राहते, टोप सरकत नाही. खर्च शंभराच्या आत. ती आज त्याच डब्यातून येते-जाते.

या सगळ्याच्या आधीचा एक प्रसंग असतो, त्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. केस गळायला लागले की उशीवर, मोरीत, पोळीच्या पिठात केस. डॉक्टर-नर्स सांगतात, आधीच बारीक करून घ्या, त्रास कमी होईल. पण करणार कोण? पार्लरमध्ये मशीन नसतं, आणि पुरुषांच्या सलूनमध्ये बाई जाणार कशी? मी एका कारागिराला घरी बोलावलं तर तो म्हणाला, "सवाष्णीच्या डोक्याला मशीन लावायला सांगू नका, ताई." आणि आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा जिवंत आहे अजून."

मैत्रिणींनो, १८९० साली याच मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं होतं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. गिरणी कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपली बिदागी सोडली, कारण त्या बाईला कुणी विचारत नव्हतं. आजच्या कारागिरानं नकार दिला तोही दुष्टपणानं नव्हे. पण यावेळी बाई स्वतः मागत होती. १८९०चा नकार तिच्या बाजूचा होता आणि आजचा नकार तिच्या विरुद्ध; वस्तरा तोच, मधलं अंतर तिच्या होकाराचं. हे मी त्याला असंच्या असं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, की दादा, तिनं बोलावलंय, तिच्या नवऱ्यानं नाही आणि सासूनंही नाही. तो आला. पैसे घेतले नाहीत. आणि जाताना सासूबाईंनी त्याला चहा दिला. आता तो आपल्या वस्तीत कुठंही बोलावलं की येतो, मशीन उकळत्या पाण्याच्या फडक्यानं आणि औषधानं पुसून आणतो. कातडीला चीर पडू नये म्हणून वस्तरा नको, मशीनच हवं, हे त्यालाही आता पाठ आहे.

परत शिवलेल्या टोपाकडे. ज्यांना तो चालेल अशाही आहेत. इथंच बसलेल्या एकीचे केस बारा-पंधरा वर्षं विरळ होत गेले. कानामागचे, मानेवरचे चांगले आहेत, वर भांग रुंद. तिनं डॉक्टरला डोकं दाखवलं, पैसे जमवले, चांगला हात असलेली बाई शोधली आणि पट्ट्या शिवून घेतल्या. ती खूश आहे, आणि मीही. बाकीचं मी तिच्याकडूनच शिकले. आणि ते मुंबईचं आहे, पार्लरच्या छापील कागदावरचं नाही.

पहिलं म्हणजे पाणी. आपल्याकडे पाणी सकाळी येतं. शिवलेलं डोकं आठ-पंधरा दिवसांनी धुवायचं, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच. वाळायला चार-पाच तास लागतात. वरचे केस वाळले तरी खालच्या वेण्या आणि दोरा ओला राहतो. संध्याकाळी न्हाऊन ओल्या डोक्यानं झोपलात तर दोन दिवसांत कुबट वास येईल आणि पुढे बुरशी. पावसाळ्यात तर फारच जपायचं. टेबलफॅनपुढे बसून, मानेकडचे केस उचलून धरून वाळवायचे. शाम्पू थेट ओतायचा नाही. जुन्या सॉसच्या बाटलीत, ती चोचीची असते ना, पाणी आणि थोडा शाम्पू घालून वेण्यांच्या मधल्या भांगांतून सोडायचा, बोटाच्या पेरांनी हळू चोळायचं आणि भरपूर पाण्यानं वरून खाली काढायचा. शिकेकाई आणि रिठ्याची पूड नको. एरवी चांगली असते, पण वेणीत अडकून बसते आणि निघत नाही.

दुसरं तेल. आपल्याला डोकं चपचपल्याशिवाय न्हायल्यासारखं वाटत नाही. इथं ते चालत नाही. तेल दोऱ्याला सैल करतं, धूळ धरतं. दोन-तीन थेंब बोटावर घेऊन भांगाला लावायचे, तेही कोरडं वाटलं तर. लावलेल्या केसांना टोकाकडे थोडं लावलं तर चालतं. त्यांना मुळातून रस मिळत नाही, ते कोरडे पडणारच.

विंचरायचं ते टोकाकडून वर, रुंद दातांच्या कंगव्यानं, एका हातानं पट्टी वर धरून, म्हणजे ओढ टाक्यावर येत नाही. झोपताना सैल वेणी घालून जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधायचा. सुती कापड घासतं, रेशीम घसरतं. आणि गॅसपुढे उभ्या राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. केस कृत्रिम असतील तर आचेनं आखडतात, पेटूही शकतात. भाकरी थापताना, तळण काढताना डोक्याला सुती फडकं बांधलेलंच बरं.

सहा ते आठ आठवडे झाले की काढायचा. 'अजून चांगला दिसतोय' म्हणून चार महिने ठेवणाऱ्या मी पाहिल्या आहेत. पैसे वसूल करायचे असतात, ते मला कळतं. पण खालचे केस वाढतात, वेणी डोक्यापासून सुटते, लोंबते, आणि सगळं वजन दोन-चार केसांवर येतं. काढताना दोरा कापायचा, वेणी नव्हे. चांगल्या उजेडात, दुसरीच्या हातानं. वेण्या सोडल्या की मोठा पुंजका निघतो आणि बाई घाबरते. घाबरू नका. रोज पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. दोन महिने ते वेणीतच अडकून होते, ते एकदम दिसतात. लगेच दुसरा शिवायला बसू नका. मध्ये काही आठवडे डोक्याला मोकळं सोडा, भांग बघा. कुठं टक्कल चमकत असेल तर तिथंच थांबा.

केस विकत घेताना काय बघायचं? हे केस येतात कुठून हेही त्यात आलं. तिरुमलाला भाविक बायका-पुरुष मुंडण करतात, त्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. एका जागी कापलेले असल्यामुळे सगळ्यांची मुळं एका बाजूला असतात, ते महाग. दुसरे आपल्या कंगव्यातले. गल्लीत केसांवर भांडी देणाऱ्या बायका येतात ना, त्यांनी गोळा केलेले. त्या गुंत्यातून एकेक केस सोडवायचं काम पुन्हा बायकाच करतात. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरमध्ये हा मोठा धंदा आहे, नाकातोंडात धूळ घेत दिवसभर बसायचं आणि मजुरी तुटपुंजी. या केसांत मूळ आणि टोक उलटसुलट होतं, म्हणून त्यांना रसायनात घालून वर गुळगुळीत थर देतात. दुकानात रेशमासारखे लागतात, चार-सहा धुण्यांत थर जातो आणि गुंता होतो. तुमची नव्हे, मालाची चूक. तेव्हा विकत घेताना विचारा, आणि एक पट्टी ओली करून बघू द्या म्हणा. देवळात एका बाईनं नवस म्हणून दिलेले केस दुसरी बाई पगाराचे दोन महिने घालून विकत घेते, मधले सगळे कमावतात. याला काय म्हणायचं ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

विकत न घेताही टोप मिळू शकतो. मुंबईत कोप विथ कॅन्सर – मदत ट्रस्ट ही संस्था लोकांनी दिलेल्या केसांचे टोप करवून गरजू पेशंटांना मोफत देते. केस देणारीचे किमान बारा इंच कापलेले लागतात. आपल्यातल्या दोघींनी दिले. त्यातल्या एकीच्या नवऱ्यानं आधी रागानं अबोला धरला. केस तिचे, आणि अबोला याचा!

शेवटी मागच्या महिन्यातला आपला वाद. आपली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, टोप हवाच कशाला? डोकं उघडं ठेवून हिंडा, बघू द्या लोकांना. बाईची किंमत केसांवर ठरवणाऱ्यांना आपणच खतपाणी घालतो. तिचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. केसावर आपल्याकडे सगळ्यांचा हक्क सांगून झालाय. नवरा गेला की उतरवा, जट झाली की देवीला सोडा. त्यातून सुटायला आपण इतकी वर्षं घालवली. पण पोळीभाजी केंद्रातल्या आपल्या मैत्रिणीनं तिला तिथंच विचारलं, "तू उघड्या डोक्यानं हिंडलीस तर लोक भाषण ऐकतील. मी हिंडले तर गिऱ्हाईक म्हणेल, हिला कसला रोग आहे, हिच्या हातची पोळी नको. माझा महिना कोण भरून देणार?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. उघडं डोकं हाही हक्कच आहे. आपल्यातली एक कॉलेजकन्या चाई पडल्यावर सगळे केस काढून मोठे कानातले घालून फिरते, मला तिचं भारी कौतुक वाटतं. पण ज्या मालकाला, गिऱ्हाइकाला, सासरच्यांना बदलायचंय त्यांच्याशी भांडायचं काम आजारी बाईच्या एकटीच्या डोक्यावर टाकून आपण बाजूला उभ्या राहू नये. तिला टोप हवा असेल तर तो नीट बसेल हे बघू, आणि त्या गिऱ्हाइकाकडे आपण जाऊ. कॅन्सर हाताला लागून पसरत नाही हे सांगायला तिथं गेल्या आठवड्यात दोघी गेल्याच होत्या. केंद्राच्या मालकिणीनं ऐकून घेतलं. पुढे काय होतं ते बघू.

आता कामाचं. खोलीतल्या कपाटात पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तीन टोप आहेत, दोन काळे, एक पिकल्या केसांचा, तिन्ही धुतलेले. मखमलीची पट्टी, इलॅस्टिक, मलमल, दोन वाकड्या सुया आणि बोथट टोकाची कात्री. टोप नेणारीचं नाव वहीत लिहायचं, कारण लिहायचं नाही. परत करताना सौम्य शाम्पूच्या गार पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलात दाबून, उलट्या पातेल्यावर वाळवून आणायचा. शनिवारी दुपारी तिघी शिवायला बसतात. अजून दोन हात हवेत, मशीन येत नसलं तरी चालेल, हातशिलाईचंच काम आहे. आणि शिवून बसवायचा विचार असेल त्यांनी पैसे भरायच्या आधी या, भरल्यावर नको. येताना डोकं उजेडात बघू देण्याची तयारी ठेवा.

हं, आता विचारा. चपला घालेपर्यंत थांबू नका.